ओन्लीचा खटला

आज सकाळी सोसायटीची नोटीस फोनवर आली. टाकी धुवायची आहे, दुपारी पाणी येणार नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. इंग्रजी एकदम चोख. स्वल्पविराम जागच्या जागी, शब्द एक कमी नाही की एक जास्त नाही. आमचे हंगामी सेक्रेटरी हल्ली नोटिसा यंत्राकडून लिहून घेतात, त्यामुळे चूक म्हणून सापडत नाही. मी ती नोटीस दोनदा वाचली आणि मला चक्क वाईट वाटलं. चूकच नाही तर वाचून करायचं काय, यार?

वानखेडे काकांच्या राज्यात असं नव्हतं. तेव्हा नोटीस जिन्याखालच्या बोर्डावर लागायची, टाइप केलेली, खाली सही, सहीखाली रबरी शिक्का. मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजल्यांच्या सोसायटीत लिफ्ट नाही, त्यामुळे येता-जाता प्रत्येकाला त्या बोर्डासमोरून जावंच लागतं. आणि लोक थांबून वाचायचे. पाण्याच्या वेळेसाठी नाही, आमच्या भांडणासाठी.

भांडण कसं सुरू झालं ते सांगते. मी शाळेची इंग्रजी पुस्तकं छापणाऱ्या कंपनीत प्रूफं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, त्यामुळे हाताला वाईट खोड लागलीय. एका सकाळी बोर्डावर नोटीस होती, 'वॉटर विल कम ॲट सिक्स ओन्ली.' माझ्या पर्समध्ये पेन्सिल असतेच. मी त्या 'ओन्ली'ला गोल केला, बाण काढून त्याला 'ॲट सिक्स'च्या अलीकडे नेऊन बसवला आणि कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघते तर माझ्या गोलाखाली लाल पेनाने लिहिलेलं, 'ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड.' खाली सही आणि शिक्का.

माझी सटकली. तशीच पहिल्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली. वसंतराव वानखेडे हे आमचे सेक्रेटरी, एवढंच तेव्हा मला माहीत होतं. दार त्यांनीच उघडलं. घरातच होते, पण इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट आणि खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बसा, परब मॅडम. तुम्ही येणार हे धरून चहा टाकलाच हाय."

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. सहाला पाणी येईल आणि सहालाच पाणी येईल, यात फरक आहे की नाही? मी म्हटलं आहे. मग तो 'च' कुठं लागला, शब्दाच्या पुढं की मागं? मी म्हटलं मागे. "मंग माझा ओन्ली काऊन पुढं जाईल?" ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

मी सांगितलं की काका, इंग्रजी काय आपल्या घरची नाही, वाटेल तिथे 'च' चिकटवायला. इंग्लंडातला एक तरी माणूस असं बोलताना दाखवा, मी हरले, लेखी देते. "लिहून घेतो," म्हणाले, आणि खरंच उठून एक लांबोडकी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलं: केस नंबर एक. ओन्ली. वादी शीतल परब, प्रतिवादी व. वानखेडे. खाली माझी अट शब्दशः. निकाल राखून.

काका कोर्टात स्टेनो होते. आधी फोर्टात, शेवटची काही वर्षं दिंडोशीला. जज्जसाहेब मजकूर सांगताना कॉमा, फुलस्टॉप, न्यू पॅरा सगळं तोंडाने सांगत, आणि पस्तीस वर्षं ते ऐकून काका स्वतःही तसंच बोलायला लागले होते. "विमल, कॉमा, पाहुणे आलेत, फुलस्टॉप," असं ते बायकोला स्वयंपाकघरात ओरडून सांगायचे. विषय नकोसा झाला की "न्यू पॅरा" म्हणायचे आणि खरोखर दुसरंच काही बोलायला लागायचे. समोरचा बोलत असताना त्यांची बोटं मांडीवर टाइप करत असायची. आपण जास्त बोललो की बोटं दमलेली दिसायची.

मूळचे वाशीमकडचे. इंग्रजी शिकले ते अकोल्याच्या एका टायपिंग क्लासमध्ये, तेही बोटांनी. स्पेलिंग आधी आलं, अर्थ मागाहून आले, असं ते म्हणायचे. 'नेव्हरदलेस' हा शब्द त्यांनी म्हणे वर्षभर बिनचूक टाइप केला, आणि मग कोणीतरी अर्थ सांगितला. एवढ्या लांबलचक शब्दाचा अर्थ नुसता 'तरीपण', हे ऐकून त्यांना फसवल्यासारखं वाटलं होतं. ही गोष्ट सांगताना ते इतके हसायचे की डोळे पुसायला चष्मा काढावा लागायचा.

तर त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी दहाला त्यांच्याकडे सुनावणी भरायची. आठवडाभरात मी बोर्डावर जे गोल केले असतील ते वहीत चढायचे आणि रविवारी युक्तिवाद व्हायचा. जज्ज होत्या विमलकाकू. काकू चौथीपर्यंत शिकलेल्या, बालवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य गेलेलं, इंग्रजीचं अक्षर येत नाही. म्हणून तर त्यांना नेमलं होतं. दोन्ही पक्षांचं इंग्रजी सारखंच न कळणारी बाई आणखी कुठे मिळणार? मेथी निवडत बसायच्या, दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल ज्याच्या बाजूने, त्याला चहा आधी.

'प्रीपोन'ची केस मी अशीच हरले. असा शब्द इंग्रजीत नाहीच, आपण इथे पाडलाय, असं मी तावातावाने पंधरा मिनिटं सांगितलं. काकूंनी विचारलं, पुढं ढकलायला शब्द हाय का त्यांच्यात? आहे म्हटलं, पोस्टपोन. "मंग अलीकडं वढायला नको का एखादा?" झालं, चहा तिकडे गेला. 'रिव्हर्ट बॅक' मात्र मी जिंकले, कारण परत येऊन पुन्हा परत कशाला यायचं, हे काकूंना पटलं. 'कझिन ब्रदर'ला काकांनी आपले सतरा चुलतभाऊ साक्षीला काढले, नावानिशी. अकराव्या नावाला मी केस मागे घेतली.

माझ्या आईला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं. आम्ही मालवणकडचे, आईचं बोलणं फटकळ. "तेका सेक्रेटरी केल्यानी, तुका कोणी इचारल्यान?" असं ती मला दर रविवारी दारातच ऐकवायची. पण मग कुकरचं झालं आणि तीही काकांच्या पार्टीत गेली.

आईने नवा प्रेशर कुकर घेतला आणि तिसऱ्या दिवशी त्याचं हँडल हातात आलं. मी कंपनीला मेल लिहिला, चार ओळींचा, स्वच्छ, नेमका, एक शब्द फालतू नाही. दोन आठवडे उत्तर नाही. आई एक दिवस कुकर घेऊन सरळ पहिल्या मजल्यावर गेली. काकांनी पान भरून पत्र लिहिलं. त्यात आमचा कुकर एकदा 'कुकर' होता आणि मग शेवटपर्यंत 'द सेड कुकर', म्हणजे सदर कुकर, होता, हँडल 'द सेड हँडल' होतं आणि आई 'द अग्रीव्ह्ड पार्टी', म्हणजे पीडित पक्ष, होती. मी वाचून कपाळावर हात मारला. चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस नवा कुकर घेऊन स्वतः आला, आणि पाणीसुद्धा न पिता विचारता झाला, तुमचे वकील कोण आहेत. काकांनी त्या दिवशी सुनावणी न भरवताच आधी स्वतः चहा घेतला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

काकांची एकुलती मुलगी प्रज्ञा, ती इंग्लंडला लीड्समध्ये नर्स आहे. तिची मुलगी मैत्री, आठ वर्षांची, तिथेच जन्मलेली. दर रविवारी संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल यायचा. काका साडेचारपासून केस विंचरून फोनसमोर बसायचे. मैत्रीला मराठी समजतं, बोलता थोडंच येतं, म्हणून बोलणं इंग्रजीत चालायचं. तिथेच घोटाळा झाला.

पोरगी शाळेतल्या मैत्रिणीबद्दल सांगायची, मी अँड झारा वेंट टू द पार्क, हा 'मी' इंग्रजीतला. काका म्हणायचे, नो नो, झारा अँड आय. ती सांगायची, आयॅम गुड. काका म्हणायचे, आय ॲम वेल. हे मी स्वतः एकदोनदा ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर काकांचंच बरोबर आहे असं तेव्हा मनात म्हटलंही होतं. मग एका रविवारी मैत्री त्यांच्या बोलण्याच्या मध्येच आईकडे वळली आणि म्हणाली की आजोबांशी बोलणं म्हणजे टेस्ट असते, मला नाही द्यायची. फोन चालूच होता. काकांनी ऐकलं.

पुढच्या रविवारी मैत्री अंघोळीला गेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी पोहायला. तिसऱ्या रविवारी प्रज्ञाने कारण सांगितलंच नाही. काकूंशी मैत्री बोलायची, पण काका शेजारी नसताना. मी प्रज्ञाबद्दल काही विचारलं की काका म्हणायचे, "न्यू पॅरा." बोर्डावर त्या महिन्यात मी सात गोल केले, एकालाही लाल पेनाने उत्तर आलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या शहाबेननी मला जिन्यात अडवून विचारलं, सेक्रेटरीसाहेब आजारी आहेत का?

त्यातून उन्हाळ्यात दोघांनी लीड्सला सहा महिने जायचं ठरलेलं. प्रज्ञाने सगळी कागदपत्रं पाठवलेली, काकूंनी तर लोकरीच्या टोप्या विणून ठेवलेल्या. आणि काका आता जायला तयार नव्हते. काकूंनीच मला जिन्यात हळूच सांगितलं. म्हणे, ज्या पोरीला माझ्याशी फोनवर बोलायचं नाही तिच्या घरात सहा महिने जाऊन मी काय करू, असं म्हणतात आणि भिंतीकडे बघत बसतात. काकूंचे डोळे भरून आले होते.

त्या रविवारी मी दहाला खाली गेले तर काका वही उघडून बसलेले. नवी केस त्यांनीच चढवली होती. केस नंबर बेचाळीस. मी अँड झारा. वादी कुमारी मैत्री, गैरहजर. प्रतिवादी आजोबा.

"परब मॅडम," ते म्हणाले, "आज तुम्ही पोरीच्या वतीनं उभ्या राहा. नीट भांडा. ढिल्लं सोडू नका."

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. या माणसाला हरायचं होतं.

मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या इंग्रजीच्या बाजूने उभी राहिले आणि जीव तोडून बोलले. तिथली मुलं असंच बोलतात, शाळेत बोलतात, अंगणात बोलतात, भाषा त्यांची आहे, ती चुकत नाहीये, काका, तुम्ही पुस्तक वाचताय आणि ती खेळतेय. काकांची बोटं मांडीवर सगळं टाइप करून घेत होती. मग त्यांची पाळी आली. ते म्हणाले की फोर्टात कामाला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या उच्चारावर सगळी खोली हसली होती. त्या दिवशी ठरवलं की माझ्या कागदावर कोणाला चूक सापडू द्यायची नाही. पस्तीस वर्षं सापडू दिली नाही. "माझ्यावर हसले तं हसले. तिच्यावर कोणी हसू नये, एवढंच हो."

मी म्हटलं, "काका, ती तिथलीच आहे. तिच्यावर कोण हसणार?"

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. निकाल द्यायला त्यांनी एरवी कधी हात पुसले नव्हते, त्या दिवशी पदराला पुसले.

"पोरगी बगीच्यात गेली होती," त्या म्हणाल्या. "झुल्यावर बसली का घसरगुंडीवर, इचारलं का तुम्ही?"

काकांनी मान हलवली. नाही विचारलं.

चहा मला आधी मिळाला. मी तो काकांपुढे सरकवला, आणि काकूंनी शिक्षा सुनावली. आजपासून फोनवर चुका काढायच्या त्या मैत्रीने. आजोबांच्या.

संध्याकाळी पाचला मीही तिथेच होते, घरी जाववेना. काकूंनी फोनवर मैत्रीला कसंबसं पटवून आणलं, सांगितलं की आज आजोबांचीच टेस्ट आहे आणि मार्क तू द्यायचेत. पोरगी फोनपासून हातभर लांब उभी, कपाळाला आठ्या. तिने विचारलं, आजोबा, व्हेअर आर यू सिटिंग? काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आय ॲम सिटिंग हिअर ओन्ली."

पोरीच्या आठ्या गेल्या. ओन्ली व्हॉट, म्हणाली. काका म्हणाले हिअर ओन्ली. ती म्हणाली, बट ओन्ली व्हॉट, आजोबा? आणि खिदळायला लागली. काकांना वाईट वाटलं असतं तर मला कळलं असतं. त्यांना जग मिळालं होतं. दहापैकी तीन मार्क पडले, आणि ते दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितले. शहाबेनना तर दोनदा सांगितले.

मग दर रविवारी टेस्ट. मैत्रीच आता पाचच्या आधी फोन लावायची. काका तिला मुद्दाम चुकून दाखवत असतील असं कोणाला वाटेल, पण त्यांना ते शक्यच नव्हतं, बोटं ऐकली नसती. ते मनापासून बरोबर बोलायचे आणि मनापासून नापास व्हायचे. 'ओन्ली' मात्र सोडला नाही. तिला त्यांनी 'च' शिकवला. मी इथेच आहे, मी आजच येणार, हे माझंच आहे. पोरीला तो 'च' इतका आवडला की तिने तो मिळेल तिथे चिकटवायला सुरुवात केली. आयॅम हंग्रीच, आजोबा. इट्स माइनच. प्रज्ञा सांगत होती की शाळेतल्या त्या झाराला पण लागण झाली आहे.

पुढच्याच सुनावणीत मी काकांना टोचलं की बघा, तिथे जन्मलेली पोरगी 'च' घेते, पण तुमचा ओन्ली काही तोंडात घेत नाही. केस नंबर एक माझीच आहे. काका म्हणाले, "निकाल राखून हाय, मॅडम. घाई काऊन करता?"

मे महिन्यात निघाले दोघं. संध्याकाळचं विमान, दुपारी दीडला टॅक्सी. सगळी सोसायटी खाली उतरलेली. आईने काकूंच्या पिशवीत जबरदस्तीने कोकमं कोंबली. बोर्डावर काकांची शेवटची नोटीस, 'सेक्रेटरी इज आउट ऑफ स्टेशन फॉर सिक्स मंथ्स ओन्ली.' मी पेन्सिल काढली, गोल करायला हात उचलला आणि परत पर्समध्ये टाकली. काकांनी ते पाहिलं. म्हणाले, बरं नाही का तुम्हाला? आणि खाकी कागदाचं कव्हर घातलेली ती वही माझ्या हातात दिली. सहा महिने सांभाळा, म्हणाले, नवीन केसेस चढवत राहा, मी आलो की चालवू. मी म्हटलं, "न्यू पॅरा, काका."

टॅक्सीत बसले तोच त्यांचा फोन वाजला. तिकडे सकाळ झाली होती आणि मैत्री नुकतीच उठली होती, केस पिंजारलेले, नाइट ड्रेसमध्येच. फोन स्पीकरवर. पोरगी कॅमेऱ्यात नाक घालून विचारत होती आणि तिचा आवाज खिडकीतून आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आजोबा, यू आर कमिंग टुडे ओन्ली, ना?"

काकांनी आधी मान वळवली, गर्दीत मला शोधलं आणि खिडकीतून एक बोट वर केलं. फक्त एक. बाकीच्यांना वाटलं, थांबा एक मिनिट म्हणतायत. मला कळलं, केस नंबर एक. मग फोनकडे वळून ते म्हणाले, "येस. टुडे ओन्ली. फुलस्टॉप." टॅक्सी फाटकातून बाहेर पडली, हायवेकडे वळली, आणि ते बोट वळणापर्यंत खिडकीबाहेर दिसत होतं.

मी वर आले. आई म्हणाली, रडतंस कित्याक, सहा महिन्यांनी येतले. मी म्हटलं रडत नाहीये, हरलेय. वही उघडून पहिलं पान काढलं आणि 'निकाल राखून' वर रेघ मारली. खाली लिहिलं, इंग्लंडातला एक माणूस सापडला, वय वर्षं आठ. वादी हरली, आणि हे लेखी देत आहे. मग तारीख घातली आणि सही केली.